स्वमग्न मुलाचा कैवार

आपल्या मुलाची बाजू मांडावयास शाळेंत आलेले आईबाप पुष्कळदां दाराशींच अवघडून उभे राहतात. जणूं कांहीं ते भिक्षा मागावयास आले आहेत! स्वमग्न मुलांच्या पालकांचा हा संकोच अनाठायीं आहे, व तो दूर करणें हें शाळेचें कर्तव्य आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

स्वमग्नता म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं ११ मुलांविषयींचें आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें, आणि ह्या अवस्थेकडे वैद्यांचें लक्ष वेधलें. हें वेड नव्हे, आणि आईच्या हेळसांडीचें फळ तर मुळींच नव्हे. तसा आरोप एके काळीं विद्वानांनींही केला. परंतु तो साफ खोटा ठरला. मेंदूच्या जडणघडणींतच ही भिन्नता असते. अशा मुलास हावभाव व आडवळणाचें बोलणें सहज उमजत नाहीं. रोजचा क्रम मोडला कीं तें कासावीस होतें. घंटेचा ठणठणाट किंवा पत्र्यावर कोसळणारा पाऊस कित्येकांस असह्य होतो. सर्वांची तऱ्हा मात्र एक नसते. एखादें मूल मुळींच बोलत नाहीं. एखादें आगगाडीचें वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवितें.

आतां वर्गांत काय घडतें? गुरुजी रागानें म्हणतात, "बाहेर काय पाहतोस? जा ना बाहेर!" मूल खरोखरच उठून बाहेर जातें, आणि उद्धट ठरतें. तें नजरेला नजर देत नाहीं, म्हणून लबाड ठरतें. कान झांकून घेतें, म्हणून हट्टी ठरतें. असे चार प्रसंग झाले कीं पालकांस सल्ला मिळतो, "दुसरी शाळा पाहा." अपराध कोणता, हें त्या मुलास अखेरपर्यंत कळत नाहीं.

कोणी म्हणेल, "एकास सवलत दिली तर इतरांवर अन्याय होणार नाहीं काय?" ज्यास दूरचें दिसत नाहीं त्यास आपण चष्मा लावूं देतों, त्यानें इतरांचें काय हिरावलें जातें? वर्गांत साठ मुलें असतां शिक्षकानें काय काय करावें, ही अडचण मात्र खरी आहे. व्यवस्थापकांनीं विशेष शिक्षक नेमून ती हलकी केली पाहिजे. तरीही पुष्कळ गोष्टींस पैसा लागत नाहीं. दिवसाचा क्रम फळ्यावर लिहावा. त्यांत बदल असल्यास आधीं सांगावें. एका वेळीं एकच सूचना सरळ शब्दांत द्यावी. जीव घाबरला तर बसावयास एक शांत कोपरा ठेवावा.

शिवाय, ही केवळ दयेची बाब नाहीं. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत २१ प्रकार नमूद आहेत, व स्वमग्नता त्यांत आहे. अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांनीं अशा मुलांस भेदभाव न करतां प्रवेश द्यावा व त्यांच्या गरजेप्रमाणें वाजवी सोय करावी, असें तो सांगतो.

तेव्हां पालकहो, निर्भयपणें या. परंतु मोघम बोलूं नका. "जरा लक्ष द्या" एवढ्यानें शिक्षकास कांहींच उमगत नाहीं. मूल कशानें बिथरतें, कशानें शांत होतें, आणि त्यास काय उत्तम येतें, हें एका कागदावर लिहून जूनमध्यें वर्गशिक्षकांस द्या. ठरलेल्या गोष्टी लेखी ठेवा, व सहामाहीनंतर पुन्हां भेटा. प्रवेश नाकारला जाईल ह्या भीतीनें कित्येक जण मुलाची अवस्था लपवितात. ही भीति निराधार आहे असें पालकांस वाटावें, अशी वागणूक प्रत्येक शाळेनें ठेविली पाहिजे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, अशा सोबत्याची नक्कल करून हशा पिकविणें सोपें आहे. डबा खातांना त्यास शेजारीं बसवून घ्या. तो बोलला नाहीं तरी रागावूं नका. आईबाप शाळेच्या फाटकापर्यंतच येऊं शकतात. त्याच्यापुढें त्याचा कैवार घेणारे तुम्हीच आहां.