शेकरू दिसलं, पण झाड कुठलं?

भीमाशंकरला गेलात की शेकरूचा व्हिडीओ काढता ना? तो पुन्हा बघा. ते कुठल्या झाडावर होतं, सांगता येईल? मला तरी आलं नव्हतं! १९८५ साली हे अभयारण्य झालं ते मुख्यतः याच प्राण्यासाठी. पण त्याला नुसतं ‘हिरवं’ असून भागत नाही. जांभूळ, उंबर, आंबा, हिरडा, अंजनी... एकाची फळं संपली की दुसरं झाड हवं, तेही फांदीला फांदी भिडलेलं. आणि आपण? गावाजवळच्या टेकडीवर सरसकट गिरिपुष्प लावून मोकळे. तेही मूळचं मध्य अमेरिकेतलं. हल्ली ग्रुपवर ‘हजार झाडं लावली’ असा मेसेज पडला की मी एवढंच विचारतो, जाती किती? बहुतेक वेळा उत्तरादाखल अंगठा येतो.