चालणारी बेटं

दोस्तांनो, आजचा लेख वाचताना शाळेचा अॅटलास शेजारी घेऊन बसा बरं का! उत्तर अमेरिकेचं पान उघडा. उजव्या हाताला अटलांटिक महासागर आहे. त्याच्या काठाकाठानं बोट फिरवत खाली या. नॉर्थ कॅरोलिना नावाचं राज्य लागलं की थांबा. किनाऱ्यापासून थोडं दूर, पाण्यात, टोकदार पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक बारीकशी रेघ दिसते का?

ही रेघ म्हणजे बेटांची माळ आहे आणि ही बेटं आहेत निव्वळ वाळूची! खाली खडकाचा आधार नाही, मध्ये डोंगर नाही. लांबी मैलोन्‌मैल, पण रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की पाचदहा मिनिटं चाललात तर एका बाजूच्या पाण्याकडून दुसऱ्या बाजूच्या पाण्यापाशी पोचाल. बाहेरच्या बाजूला खवळलेला महासागर आणि आतल्या बाजूला शांत, उथळ खाजण. लाटांचा मार स्वतःच्या अंगावर घेऊन ही बेटं आतला किनारा सांभाळतात. म्हणून त्यांना 'बॅरिअर आयलंड' असं नाव पडलं. आपण त्यांना 'रोधक बेटं' म्हणू या.

यातल्याच एका बेटावर, केप हॅटरस इथे, विटांचा एक उंच दीपस्तंभ आहे. उंची सुमारे ६० मीटर, म्हणजे जवळजवळ वीस मजली इमारतीएवढी. १८७० साली तो बांधून झाला तेव्हा समुद्र त्याच्यापासून साधारण ४५० मीटर लांब होता. पुढे समुद्र जवळ जवळ येत गेला. लाटा अडवायला नाना उपाय केले गेले. पण शेवटी पायथा आणि पाणी यांच्यात जेमतेम ४० मीटरांचं अंतर उरलं. एखाद्या मोठ्या वादळात हा दीपस्तंभ कोसळणार, हे स्पष्ट दिसू लागलं.

आता काय करायचं? भिंत बांधून समुद्राला अडवायचं, की दीपस्तंभच उचलून मागे न्यायचा? खूप वाद झाला. एवढं जुनं विटांचं बांधकाम हलवताना ढासळेल, अशी अनेकांना भीती वाटत होती. अखेर १९९९ च्या उन्हाळ्यात चार हजार टनांहून जड असा तो दीपस्तंभ पायापासून कापून वेगळा केला गेला. खाली लोखंडी तुळया आणि रूळ घातले आणि जॅकनं इंच इंच ढकलत तो २३ दिवसांत सुमारे ८८० मीटर आत नेला. एक वीटही न ढासळता! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा दिवा पुन्हा लागला.

पण मुळात समुद्र एवढा जवळ आलाच कसा? याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. तिथे बेटच मागे मागे चाललं आहे!

वाळू चालते ती अशी. मोठं वादळ आलं की लाटा बेटावरून आरपार जातात. जाताना समोरच्या पुळणीची वाळू उचलतात आणि मागच्या खाजणात नेऊन टाकतात. पुढची बाजू झिजते, मागची वाढते. पुन्हा वादळ, पुन्हा तेच. रणगाड्याचा पट्टा कसा स्वतःभोवती फिरत पुढे सरकतो? तसंच बेट स्वतःवरून लोळत जमिनीकडे सरकतं. पुरावा हवा? अशा बेटांच्या समुद्राकडच्या पुळणीवर कधी कधी जुन्या झाडांचे बुंधे आणि दलदलीचा काळा चिखल उघडा पडतो. ही झाडं आणि ही दलदल एके काळी बेटाच्या मागच्या बाजूला होती. बेट त्यांच्यावरून चालत पुढे निघून गेलं.

ही बेटं तयार कशी झाली, यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद होता. १८४५ साली एली द बोमाँ या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञानं मत मांडलं की, लाटा तळाची वाळू ढवळून वर आणतात आणि उथळ पाण्यात तिचा ढीग साचत साचत पाण्याबाहेर येतो. १८८५ साली अमेरिकेचे गिल्बर्ट म्हणाले, छे! लाटा किनाऱ्याला तिरक्या येऊन आपटतात, त्यामुळे वाळू काठाकाठानं वाहत जाते. तिचा लांबच लांब दांडा तयार होतो आणि वादळात तो तुटला की त्याचं बेट होतं. १८९० साली मॅक्गी यांनी तिसरी कल्पना मांडली. किनाऱ्यावर आधी वाळूच्या टेकड्यांची रांग असते, समुद्राची पातळी वाढली की पाणी रांगेच्या मागे शिरतं आणि रांग एकटी पडते.

यातलं खरं कोणतं? आज बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, तिन्ही! कुठे एक, कुठे दुसरं, कुठे दोन्ही मिळून. एक गोष्ट मात्र नक्की. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, बरंचसं पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. मग बर्फ वितळलं, समुद्र चढला. सहा-सात हजार वर्षांपूर्वी चढण्याचा वेग मंदावला, तेव्हा कुठे वाळूला एका जागी जमायला उसंत मिळाली. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानानं ही बेटं अगदी तान्ही बाळं आहेत!

आता किनाऱ्यांची ओळख करून घेऊ. नवा मित्र भेटला की आपण त्याला नाव, गाव, शाळा विचारतो ना? किनाऱ्यालाही तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : तू कोणत्या बाजूला आहेस? पृथ्वीचं कवच मोठमोठ्या भूपट्टांचं बनलेलं आहे आणि ते हलत असतात. जिथे दोन भूपट्ट एकमेकांवर आदळतात तिथे किनाऱ्यालगतच डोंगर उभे असतात आणि समुद्र एकदम खोल होतो. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा पाहा. अशा ठिकाणी वाळूला टेकायला जागाच नसते. धडकेपासून दूर असलेल्या किनाऱ्यासमोर मात्र उथळ समुद्र लांबवर पसरलेला असतो. जगातली बहुतेक रोधक बेटं अशाच किनाऱ्यांवर आहेत. १९७१ साली इनमन आणि नॉर्डस्ट्रॉम यांनी किनाऱ्यांची ही वर्गवारी मांडली.

दुसरा प्रश्न : तू बुडालास, की वर आलास? समुद्र चढला किंवा जमीन खचली, तर नद्यांच्या दऱ्यांत पाणी शिरून खाड्या होतात. उलट झालं, तर जुनी पुळण उंचावर कोरडी पडते. १९१९ साली जॉन्सन या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं याच प्रश्नावरून किनाऱ्यांचे प्रकार पाडले.

तिसरा प्रश्न : तुला घडवलं कोणी, जमिनीनं की समुद्रानं? नदीनं गाळ आणून त्रिभुज प्रदेश बनवला किंवा ज्वालामुखीचा लाव्हा येऊन थिजला, तर ते जमिनीचं काम. लाटांनी कडे कापले, वाळूचे दांडे रचले किंवा प्रवाळांनी घरं बांधली, तर ते समुद्राचं. ही वर्गवारी फ्रान्सिस शेपर्ड यांची.

हे तीन प्रश्न आपल्या कोकण किनाऱ्याला विचारा पाहू. भूपट्टांच्या धडकेपासून दूर? हो. बुडालेला? बऱ्याच ठिकाणी हो. दाभोळ, जैतापूर, विजयदुर्ग यांच्या खाड्या पाहा. कोणी घडवला? खाड्या जमिनीनं कोरल्या आणि समुद्रानं भरल्या. पण हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर जो सपाट खडक आणि छिद्राछिद्रांचा कडा दिसतो, ते समुद्राचं कोरीवकाम.

मग कोकणात रोधक बेटांची लांब माळ का नाही? मुंबईची मूळची सात बेटं होती, जंजिरा आहे, सुवर्णदुर्ग आहे. पण ही सगळी खडकाची बेटं! वाळूच्या माळेला इथे दोन मोठ्या अडचणी आहेत. पहिली भरती-ओहोटीची. मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करू लागलं की वाळूची लांब भिंत टिकत नाही, जागोजागी फुटते. याउलट अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक एक मीटरही नाही, म्हणून तिथलं पाद्रे बेट सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. दुसरी अडचण वाळूची. सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड. गोदावरी आणि कृष्णा या मोठ्या नद्या उगम पावतात सह्याद्रीत, पण वाहतात पूर्वेला.

म्हणजे त्यांचा गाळ बंगालच्या उपसागराला मिळतो! नाशिकमधून वाहणारी गोदावरी वाटेतल्या डोंगरांची माती-वाळू घेऊन आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, काकीनाडा शहरासमोर, वाळूचा पंधरा-सोळा किलोमीटरांचा दांडा तयार झाला आहे. त्याला 'होप आयलंड' म्हणतात. वादळात लाटांचा पहिला तडाखा तो झेलतो, त्यामुळे आतलं बंदर सुरक्षित राहतं. आता विचार करा, नदीवर धरणं झाली की गाळ कुठे अडकतो? धरणाच्या मागे! मग अशा दांड्याला वाळूचा खुराक कमी पडू लागतो.

ओडिशात चिल्का सरोवर आहे. त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये अशीच वाळूची लांब पट्टी आहे. काठानं वाहणाऱ्या वाळूमुळे सरोवराचं मुख सरकत गेलं, तोंड गाळानं भरलं आणि खारं पाणी आत येणं कमी झालं. मासे घटले, पाणवनस्पती माजल्या, कोळ्यांच्या चुली थंडावल्या. अखेर २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूची पट्टी कापून नवं मुख उघडलं, तेव्हा सरोवरात पुन्हा जीव आला. पाहा, वाळू चार हात इकडची तिकडे झाली की माणसांच्या ताटातलं जेवण बदलतं!

आणि वाळूचा स्वभाव ओळखला नाही तर? टेक्सासमधलं गॅल्व्हस्टन हे भरभराटीचं शहर अशाच रोधक बेटावर वसलेलं होतं. सगळ्यात उंच जागा समुद्रापासून तीन मीटरही उंच नव्हती. संरक्षक भिंत बांधावी, असं काही जण आधीपासून सांगत होते, पण ते राहूनच गेलं. ८ सप्टेंबर १९०० ला चक्रीवादळ आलं आणि सहा हजारांहून जास्त माणसं दगावली. मग मात्र सतरा फूट उंचीची भिंत उभी राहिली. १९१५ सालच्या मोठ्या वादळात तिनं शहर वाचवलं. पण भिंतीची किंमतही द्यावी लागली. लाटा भिंतीवर आदळून समोरची वाळू ओढून नेऊ लागल्या आणि पुळण झिजत गेली. भिंत घरं वाचवते, पण पुळण वाचवत नाही. म्हणूनच हॅटरसच्या दीपस्तंभाला मागे नेणं शहाणपणाचं ठरलं. पण दीपस्तंभ एकच होता. अख्खं गाव कसं हलवणार? हा प्रश्न आज जगभर विचारला जातो आहे, कारण समुद्राची पातळी पुन्हा वाढते आहे.

आपल्याकडेही मालवणजवळ देवबाग आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. ही पट्टी मुख्य जमिनीला जोडलेली आहे, म्हणून तिला वाळूचा दांडा म्हणायचं. रोधक बेटाची ही धाकटी बहीणच! तिथल्या माणसांना समुद्र किती पुढे आला, हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

आता एक प्रयोग. एक परात घ्या. एका बाजूला ओल्या वाळूचा उतार करा, दुसऱ्या बाजूला पाणी घाला. पाण्यात, किनाऱ्यापासून चार बोटं अंतरावर, वाळूचा एक बारीक बांध घाला आणि त्यावर काडेपेटीचं घर ठेवा. मग पट्टीनं हळूहळू, एकाच दिशेनं, तिरक्या लाटा करा. दहा मिनिटांनी बांध कुठे आहे आणि घर कुठे आहे, ते पाहा. दुसऱ्यांदा घरासमोर खापराच्या तुकड्याची भिंत उभी करा आणि भिंतीपुढच्या वाळूचं काय होतं, तेही बघा.

सुट्टीत कोकणात गेलात तर आई-बाबांना घेऊन पुळणीवर फेरफटका मारा. सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडली आहेत का? वाळूचा काठ कापल्यासारखा उभा दिसतो का? गावातल्या एखाद्या आजोबांना विचारा, "तुमच्या लहानपणी समुद्र कुठपर्यंत होता हो?" ते हात करून जी जागा दाखवतील, तिथे आज काय आहे, ते वहीत लिहून ठेवा. किनाऱ्याचा इतिहास असाच गोळा होतो.