लष्करी काडतूस, दुकानातले गिऱ्हाईक

सोव्हिएत सैनिक छातीवर टायटॅनियमच्या पत्र्याचे आणि केवलारचे चिलखत घालून आले, तर आपल्या 9 एमएम पिस्तुलांचा उपयोग काय, ही नाटोची 1980च्या दशकातली चिंता. 1989 मध्ये नाटोने नव्या काडतुसाची मागणी कागदावर आणली. बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या एफएन कारखान्याने ती उचलली. हा कारखाना आपल्याला परका नाही. भारतीय सैन्याचे 9 एमएम 1-ए पिस्तूल त्याच्याच ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातले.

हेर्स्टालचे उत्तर होते 5.7 बाय 28 मिलिमीटरचे काडतूस. गोळीचे वजन जेमतेम 2 ग्रॅम. 9 एमएमची गोळी साधारण 8 ग्रॅमची असते, पण नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास. ही चिमुकली गोळी पिस्तुलातूनही साडेसहाशे गाठते. टोकाला पोलाद, मागे ॲल्युमिनियम. एवढासा व्यास आणि एवढा वेग, म्हणून जाकीट भेदले जाते. आधी पी-90 ही आखूड बंदूक निघाली. तिच्यासाठीची गोळी पिस्तुलाच्या मुठीत मावेना, तेव्हा ती आखूड केली गेली आणि फाइव्ह-सेव्हन पिस्तूल जन्माला आले. मॅगझिनमध्ये 20 काडतुसे, भरलेल्या पिस्तुलाचे वजन पाऊण किलोच्या आत, आणि हाताला बसणारा धक्का 9 एमएमपेक्षा बराच कमी. कारागिरी म्हणून दाद द्यावी असेच हे काम आहे. (लहान व्यासाची वाट सोव्हिएतांनीही 1970च्या दशकात धरली होती, पण त्यांच्या 5.45 मिलिमीटरच्या पीएसएम पिस्तुलामागची तळमळ निराळी. ते केजीबीचे लोक आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यासाठी होते. अंगरख्याखाली फुगवटा दिसू नये, एवढे ते चपटे हवे होते.)

पिस्तूल तयार होईतो सोव्हिएत संघच उरला नव्हता. त्यात जर्मनांनी आपले 4.6 मिलिमीटरचे काडतूस पुढे केले. 2002-03 च्या चाचण्यांत तज्ज्ञांनी 5.7 ला झुकते माप दिले, ते जर्मनीला मानवले नाही, आणि प्रकरण रेंगाळले. नाटोच्या प्रमाण काडतुसाचा दर्जा 5.7 ला मिळाला तो थेट 2021 मध्ये. मागणी आणि मान्यता यांत 32 वर्षे. एवढी वर्षे कारखाना हातावर हात धरून बसणार थोडाच? 2004 पासून हे पिस्तूल अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकालाही मिळू लागले. कंपनीचा खुलासा असा की, चिलखत भेदणारी काडतुसे फक्त लष्कराला आणि पोलिसांना, नागरिकांसाठीची वेगळी. अमेरिकी सरकारी खात्यानेही ती तपासून, ही चिलखतभेदी नव्हेत, असा निर्वाळा दिला.

या खुलाशाची किंमत 5 नोव्हेंबर 2009 रोजी टेक्सासमधल्या फोर्ट हूड या लष्करी तळावर कळली. लष्करातल्याच एका मेजरने, व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञाने, रीतसर दुकानातून घेतलेल्या फाइव्ह-सेव्हनने 13 जणांचे प्राण घेतले. त्यांतले 12 सैनिक होते. काडतुसे नागरिकांसाठीचीच होती. समोरच्यांच्या अंगावर चिलखत नव्हतेच, त्यामुळे ते भेदण्याचा प्रश्नही आला नाही. भरपूर गोळ्यांची मॅगझिने आणि हलका धक्का पुरेसे ठरले. सैनिकाची सोय म्हणून जे जे पिस्तुलात घातले गेले, ते सारे गिऱ्हाइकाला पैसे मोजून मिळाले होते.

मेक्सिकोची गत याहून वाईट. तिथे लष्करी काडतुसांची शस्त्रे बाळगायला नागरिकांना कायद्याने बंदी आहे. पण शेजारच्या देशातल्या दुकानांतून ती चोरवाटेने येतात आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या हाती पडतात. टोळ्यांनी या पिस्तुलाला ‘माता पोलिसियास’ म्हणजे ‘पोलिसमार’ असे नाव ठेवले आहे. सोव्हिएत छत्रीधाऱ्यासाठी घडवलेली गोळी आता चिलखत शोधत फिरते ते तिथल्या हवालदाराच्या अंगावरचे. नाटोची मोहोर उठण्याआधीच, 2019 सरताना, रूगर या अमेरिकी कंपनीने याच काडतुसाचे स्वस्त पिस्तूल बाजारात आणले. स्मिथ अँड वेसनही पुढे त्या रांगेत आली.

आपल्याकडेही लहान काडतुसाचे काम झाले आहे. पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेने 5.56 बाय 30 मिलिमीटरची कार्बाइन घडवली, डिसेंबर 2020 मध्ये तिच्या लष्करी चाचण्यांचा अखेरचा टप्पा पार पडला. काडतुसे खडकीच्या कारखान्यातली. पण लष्करी काडतूस इथे दुकानात मिळत नाही: सैन्याचे 9 एमएम काडतूस आपल्याकडे ‘निषिद्ध बोअर’ मानले जाते, परवानाधारकाला बहुधा .32 वर भागवावे लागते. नेमबाज आणि शौकीन याबद्दल कुरकुरतात, आणि हा नियम इंग्रजी राजवटीच्या संशयी स्वभावातून आला, हेही खरे. तरी तो राखावा. शस्त्रनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली आहे. सरकारची मागणी लांबली की या कंपन्याही दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे वळू पाहतील आणि ‘नागरी आवृत्ती’चा प्रस्ताव दिल्लीत पोचेल. त्या अर्जावर सही करण्याआधी गृहमंत्रालयाने फोर्ट हूडच्या खटल्याचे कागद मागवून वाचावेत.