संध्याकाळ कोणाची?

नोकरी सोडून सिनेमात जावं का, यावर आपल्याकडे दोनच प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला घरचे देतात. "आधी पोटापाण्याचं बघ, मग काय ती नाटकं कर." दुसरा यशस्वी माणसं मुलाखतीत देतात. "मी उडी मारली, तुम्हीही मारा." पहिला सल्ला ऐकणारा पन्नाशीत सोसायटीच्या गणपतीत एकपात्री करतो. दुसरा ऐकून शंभर जण उडी मारतात, त्यातल्या एकाची मुलाखत छापून येते. बाकीच्या नव्याण्णवांना विचारायला कोणी जात नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सॅम्पलच चुकीचं घेतलंय.

मला वाटतं मुळात प्रश्नच चुकतोय. नोकरी ठेवायची की सोडायची हा नंतरचा भाग. तुमची संध्याकाळ कोणाच्या मालकीची आहे, हे आधी बघायला हवं.

आता मराठी नाटक-सिनेमाचा इतिहास बघा. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात पीडीएमधून वर्षानुवर्षं हौशी नाटकं केली आणि पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. 'सामना', 'सिंहासन' करणारे जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, मनोविकारतज्ज्ञ. 'महानिर्वाण' लिहिणारे सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीवाले. अमोल पालेकर बँकेत. आणि निळू फुले पुण्याच्या एएफएमसीत माळीकाम करायचे. यादी अजून बरीच लांबवता येईल.

ही यादी आईबाबा मंडळींना फार आवडते. "बघ, डॉक्टर राहूनच नट झाले ना!" पण यात एक गोची आहे. या लोकांकडे नोकरी किंवा दवाखाना होता, त्याचबरोबर स्वतःची संध्याकाळही होती. कोणाचं ऑफिस वेळेवर सुटायचं, कोणाचा दवाखाना स्वतःचा, म्हणजे वेळापत्रक आपल्याच हातात. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमायचं आणि रात्री उशिरापर्यंत तालीम. शिवाय समोर तारीख ठरलेली असायची. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून. स्पर्धेची तारीख म्हणजे रिलीज डेट, ती हलत नाही. त्यामुळे दरवर्षी काहीतरी पूर्ण व्हायचंच. कला अंगात असेल-नसेल, पण काम पूर्ण करायची सवय अशीच लागते.

आता आमच्याकडे या. पुण्यातल्या आयटीवाल्याची संध्याकाळ म्हणजे अमेरिकेतली सकाळ. म्हणजे नेमकी तालमीची वेळच आम्ही पगारात विकलेली असते. साडेसातला क्लायंट कॉल, नऊला प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटतं, मग जेवण आणि झोप. शनिवार-रविवार उरतो, त्यात कपडे, किराणा आणि लोकांची लग्नं. अशा माणसाला "नोकरी सांभाळून कर की, लागूंनी नाही केलं?" म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्याच टीममधला एक पोरगा. वय सत्तावीस. एकांकिकेच्या लेखनाला दोन बक्षिसं मिळालीयत, कामही बरं करतो. वडील एसटीतून निवृत्त झालेत, गावाकडच्या घराच्या कर्जाचा हप्ता याच्या पगारातून जातो. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये थेट विचारलं, "दादा, पेपर टाकू का?"

मी त्याला उलटा प्रश्न केला. "तुला नट व्हायचंय की लेखक?"

"दोन्ही" म्हणाला. आणि खरा घोळ इथेच आहे. आपण 'सिनेमात जाणं' हे एकच काम समजतो, पण या दोन कामांचं वेळेचं गणित पार वेगळं आहे.

नटाला दिवस द्यावा लागतो. ऑडिशनचा मेसेज सकाळी येतो आणि दुपारी अंधेरीत हजर व्हायचं असतं. मालिकेची शिफ्ट बारा तासांची. सिनेमा मिळाला तर सलग महिनाभर गायब. हे रजा टाकून जमण्यातलं नाही. ज्याला पडद्यावर नट व्हायचंय त्याला कधीतरी नोकरी सोडावीच लागणार, कारण त्याच्या कामात शरीर जागेवर असावं लागतं. लागूंनाही शेवटी सोडावीच लागली ना.

लेखकाचं तसं नाही. पटकथा पहाटे पाच ते सात लिहिता येते, तिला कोणी कॉलशीट पाठवत नाही. तेंडुलकरांनी वर्तमानपत्रांतल्या नोकऱ्या करत नाटकं लिहिली, पुढे 'निशांत', 'आक्रोश', 'अर्धसत्य'च्या पटकथा लिहिल्या. लेखकाला रोज सलग दोन तास लागतात आणि डोकं शिल्लक लागतं. म्हणून लेखकाने लगेच राजीनामा देण्यापेक्षा आधी नोकरी बदलावी असं माझं मत. पगार थोडा कमी चालेल, पण रात्रीचे कॉल नकोत. हा मधला रस्ता कोणी सुचवतच नाही, कारण त्यात ना घरच्यांना अभिमान, ना मुलाखतीत सांगायला थरार!

बरं, सोडायचीच असेल तर पैशाचं गणित नीट मांडा. आपला नोटीस पिरियड ९० दिवसांचा. गंमत म्हणजे टीव्हीतही काम केल्यावर पैसे सहसा ९० दिवसांनी हातात येतात. म्हणजे जानेवारीत कॅमेऱ्यासमोर उभं राहिलात तर खिशात काही पडायला एप्रिल उजाडतो, आणि हे काम मिळाल्यावरचं बोलतोय मी. लेखकाचे पैसे हप्त्यांत येतात, एक सही झाल्यावर, एक ड्राफ्टवर, पुढचे शूटिंग सुरू होताना वगैरे. सिनेमा मध्येच थांबला की पुढचे हप्तेही थांबले. फिक्स्ड बिड प्रोजेक्ट केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मुंबईत महिन्याला चाळीस हजार लागतात असं धरलं तर दीड वर्षाचे सात लाख वीस हजार होतात. यात घरचा हप्ता धरलेला नाही, तो वेगळा.

आणखी एक गोष्ट इंजिनियरला पटकन कळेल. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम आणि पटकथा दोन्ही 'साहित्यकृती'तच मोडतात. दोन्हीकडे नियम एकच, कल्पनेवर हक्क नसतो, लिहिलेल्यावर असतो. आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराने 'न्यू दिल्ली' (१९५६) हा सिनेमा आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून उचलला म्हणून दावा लावला. १९७८ साली सुप्रीम कोर्टात तो हरला, कारण कोर्टाच्या मते विषय सारखा होता, मांडणी नव्हती. म्हणून चहाच्या टपरीवर 'माझ्याकडे एक भारी कल्पना आहे' म्हणत फिरू नका. पूर्ण लिहा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा (ऑनलाइन होतं), मग दाखवा. आणि करार वाचा. २०१२ च्या दुरुस्तीपासून थिएटरबाहेरच्या वापरातला लेखकाचा रॉयल्टीचा हक्क त्याला करारात सोडूनही देता येत नाही. ऑफर लेटरमधला बाँड वाचतो तसं हेही वाचायचं, एवढंच!

"पण फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली होती" असं कोणीतरी म्हणणारच. टाकली होती, खरंय. पण त्याआधी छपाई आणि फोटोग्राफीत त्यांची वर्षं गेली होती. १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून आले आणि मोठा सिनेमा काढण्याआधी कुंडीतला वाटाणा उगवतानाची छोटी फिल्म करून पैसे देणाऱ्यांना दाखवली. यालाच आपण प्रूफ ऑफ कन्सेप्ट म्हणतो. नागराज मंजुळेंचंही तेच. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतर आले, आधी 'पिस्तुल्या' हा लघुपट होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. लांबून ज्या उड्या दिसतात, त्यांच्याखाली बऱ्याचदा अशी एखादी पायरी असते.

आणि कधीकधी दुसरं कोणीतरी तुमचा वेळ विकत घेतं. चैतन्य ताम्हाणेने 'कोर्ट' लिहावा म्हणून विवेक गोम्बरने त्याला लिहिण्याच्या काळात दरमहा पैसे दिले. पुढे २०१४ मध्ये व्हेनिसला त्या सिनेमाने बक्षीस घेतलं. असा मित्र सगळ्यांना मिळत नाही. पण तुमचा पगार हाच तुमचा निर्माता असू शकतो, फक्त त्याने तुमची संध्याकाळ खाऊ नये.

त्या पोराला मी सांगितलं, पेपर टाकायचे तर रात्रीच्या कॉलवाल्या प्रोजेक्टचे टाक, दुसरीकडे बघ. एक वर्षात एक पूर्ण पटकथा आणि एक वीस मिनिटांची फिल्म कर. नोकरी सुटली, मोकळा वेळ मिळाला आणि तरी लिहून होत नाही असं दिसलं, तर ते मुंबईत भाडं भरताना कळण्यापेक्षा पुण्यात कळलेलं स्वस्त. आणि काम झालंच, कोणी दिवस मागायला लागलं, तर मग बिनधास्त सोड. तेव्हा तुझ्या बाबांशी बोलायला मी येतो.

माझं हे म्हणणं चाळिशीतल्या, हप्ते भरणाऱ्या माणसाचं आहे हे मान्य. ज्यांनी उडी मारली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण मला काळजी वाटते ती हुशार पोरांची. 'एक दिवस सोडणार आहे' म्हणत ती दहा वर्षं काढतात आणि त्या दहा वर्षांत एक पानही लिहीत नाहीत.

असो. पटलं तर बघा, नाही तर सोडून द्या. सोमवारी सकाळी स्टँडअप आहेच.