व्हॉल्व्ह की चिप? गिटारच्या आवाजाचा एक अपूर्ण वाद

(१/१८)
६ सप्टेंबर १९७६. सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को याने आपले मिग-२५ विमान जपानमधील हाकोदाते येथे उतरवले आणि पाश्चात्त्य तज्ज्ञांना त्या विमानाचे अंतरंग प्रथमच तपासायला मिळाले. रडारमध्ये निघाले काय, तर व्हॉल्व्ह! पश्चिमेत तोवर इतिहासजमा झालेले तंत्र. मात्र पुढे त्याच सोव्हिएत परंपरेतील सारातोव्ह येथील एका कारखान्यावर जगभरचे गिटारवादक विसंबून राहणार होते. ही त्याचीच कथा, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वादाची चिकित्सा. #इतिहास #थ्रेड

(२/१८)
वाद साधा दिसतो. एक पक्ष म्हणतो, इलेक्ट्रिक गिटारचा खरा आवाज १९५०-६० च्या दशकांतील व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधूनच येतो. डिजिटल यंत्रे त्याची नक्कल करतात. दुसरा पक्ष म्हणतो, नक्कल आता इतकी पुढे गेली आहे की डोळे मिटून ऐकल्यास भेद उरत नाही. दोन्ही पक्ष कानांची साक्ष काढतात. इतिहासाची साक्ष मात्र क्वचितच काढली जाते, आणि ती काढली तर दोघांचीही पंचाईत होते.

(३/१८)
प्रथम व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत ज्याला ट्यूब म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये व्हॉल्व्ह म्हणतात, आणि महाराष्ट्रातील जुन्या घरांतही 'व्हॉल्व्हचा रेडिओ' हाच शब्द रुळला. १९०४ मध्ये ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची निर्वात नळी सिद्ध केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे अग्र घातले. तापलेल्या अग्रातून इलेक्ट्रॉन निघतात, मधली जाळी त्यांचा ओघ कमी-अधिक करते, आणि क्षीण विद्युत्-संकेत बलवान होतो.

(४/१८)
लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलरटनचे रेडिओ-दुरुस्ती करणारे गृहस्थ. त्यांचे आरंभीचे ॲम्प्लिफायर व्हॉल्व्ह-उत्पादकांनी छापलेल्या पुस्तिकांतील आराखड्यांच्या आधारे घडले. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारे वादक. त्यांना हवा होता स्वच्छ, खणखणीत, न फाटणारा स्वर. आज ज्या 'फाटक्या' आवाजासाठी ती यंत्रे लाखमोलाची ठरली आहेत, तो आवाज त्या काळी दोष समजला जाई.

(५/१८)
हा दोष गुण कसा झाला? १९५१ मध्ये मेम्फिस येथे 'रॉकेट ८८' ध्वनिमुद्रित झाले, ते वाटेत बिघडलेल्या ॲम्प्लिफायरवर. फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवले गेले. १९५८ च्या 'रंबल'साठी लिंक रे यांनी स्पीकरच्या कागदी शंकूला भोके पाडली. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिस यांनी ब्लेडने तो शंकूच चिरला. पहिला अपघात, पुढचे दोन हेतुपुरस्सर. एका पिढीने जी मोडतोड टाळली, ती पुढच्या पिढीने मुद्दाम केली.

(६/१८)
व्हॉल्व्ह या अत्याचाराला विशेष रीतीने उत्तर देतो. मर्यादेपलीकडचा संकेत आला की तो लाटेचा माथा एकदम छाटत नाही, हळूहळू दडपतो. त्यात मूळ स्वराच्या पटीतील नवे स्वरांश मिसळतात. व्हॉल्व्ह-रेक्टिफायर असलेल्या यंत्रात जोरदार आघाताबरोबर विजेचा दाब क्षणभर खाली बसतो आणि पुन्हा सावरतो. वादकाला वाटते, यंत्र श्वास घेत आहे. ही भावना भाबडी नाही. तिच्यामागे मोजता येणारे विद्युत्-शास्त्र आहे.

(७/१८)
आता 'अस्सल' या शब्दाकडे वळू. १९६२ च्या सुमारास लंडनच्या हॅनवेल भागातील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साह्याने एक ॲम्प्लिफायर सिद्ध झाला : जेटीएम ४५. त्याचा आराखडा फेंडरच्या 'बासमन'वरून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला होता. फरक पडला तो ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या भागांमुळे. दहा इंची जेन्सन स्पीकरांच्या जागी बंद पेटीतील बारा इंची सेलेस्शन आले, पुढे केटी ६६ व्हॉल्व्ह आले, आणि आवाज निराळाच झाला.

(८/१८)
म्हणजे ब्रिटिश रॉकचा जो 'मूळ' आवाज आज पूजिला जातो, तोच एका अमेरिकन यंत्राची नक्कल करताना जन्मला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स'सोबत लंडनच्या डेका स्टुडिओत मार्शल ॲम्प्लिफायर तिथल्या रिवाजाला न मानवणाऱ्या मोठ्या आवाजात वाजवला आणि त्या नकलेला स्वतःची ओळख मिळाली. तेव्हा 'डिजिटल म्हणजे नक्कल, म्हणून हीन' हा आक्षेप व्हॉल्व्ह-पक्षाने जपून वापरावा. नक्कल या वाद्याच्या रक्तातच आहे.

(९/१८)
आणि तो प्रचंड आवाज तरी कशासाठी होता? १९६० च्या दशकात सभागृहांतील ध्वनिक्षेपण-व्यवस्था दुबळी होती, ती जेमतेम गायकाला पुरे. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचे काम ॲम्प्लिफायरलाच करावे लागे. १९६५ मध्ये 'द हू'च्या पीट टाउनशेंड आणि जॉन एंटविसल यांच्या मागणीवरून मार्शलने १०० वॅटची यंत्रे केली. आज लहानशा पेटीसमोरही मायक्रोफोन ठेवता येतो. ज्या गरजेने ते अजस्र ढिगारे उभे केले, ती गरज केव्हाच सरली.

(१०/१८)
डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला होता. १९६५ च्या आरंभी सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतली, आणि १९६६ मध्ये तिचे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर बाजारात आले. ते फसले, काही वर्षांतच मागे पडले. त्या अपयशाचा डाग ट्रान्झिस्टरवर कायमचा बसला, पण तो सर्वस्वी न्याय्य नव्हे. १९७५ चा रोलंड जेसी-१२० आजही नितळ स्वराचा मानदंड मानला जातो. प्रत्यक्ष बी. बी. किंग यांनी दीर्घकाळ लॅब सीरिजचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर वापरला. ब्लूजच्या त्या सम्राटाला कुणी 'बनावट' म्हटले नाही.

(११/१८)
मग आला डिजिटल टप्पा. १९९६ मध्ये लाइन ६ चा ॲक्सिस २१२, १९९८ मध्ये त्याच कंपनीचा लाल, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा 'पॉड', २००६ मध्ये फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स, २०११ च्या सुमारास जर्मनीचा केम्पर. पहिल्या यंत्रांत मंडलाचे गणिती प्रतिरूप होते. केम्परने निराळी वाट धरली : खऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये ठराविक संकेत पाठवायचे आणि येणाऱ्या उत्तरावरून त्याचे 'व्यक्तिचित्र' टिपायचे. आता न्यूरल नेटवर्क हेच काम करतात, आणि त्यांतले काही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते.

(१२/१८)
डिजिटल-पक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा येथे आहे. ज्या ध्वनिमुद्रिकांवरून व्हॉल्व्हचा आवाज 'पवित्र' ठरला, त्यांत श्रोत्याने ॲम्प्लिफायर कधी ऐकलाच नाही. त्याने ऐकला तो मायक्रोफोनने टिपलेला, मिश्रण-यंत्रातून आणि चुंबकीय फितीतून गाळलेला आवाज. डिजिटल यंत्र नेमका तोच आवाज देते. खोलीत उभे राहून जाणवणारा हवेचा धक्का ते देत नाही हे खरे. परंतु ज्या स्मृतीच्या नावाने वाद चालतो, त्या स्मृतीतही तो धक्का नव्हता.

(१३/१८)
शिवाय जुने यंत्र तरी जुने कुठे राहते? साठ वर्षांत त्याचे कपॅसिटर सुकतात आणि बदलावे लागतात. व्हॉल्व्ह तर झिजायचेच. स्पीकरचा कागद मऊ पडतो, रोधांची मूल्ये सरकतात. १९५९ चा बासमन आज जो आवाज काढतो, तो १९५९ मध्ये कुणी ऐकला असेल असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यावर मोजली जाणारी रक्कम ध्वनीची असते तितकीच वयाचीही असते. वयाची किंमत मोजण्यात वावगे काही नाही. मात्र तिला ध्वनीची किंमत म्हणू नये.

(१४/१८)
अस्सलतेच्या आग्रहाला सामाजिक बाजूही आहे. २०१९ मध्ये खुद्द फेंडरने आपल्या 'ट्विन रिव्हर्ब'ची डिजिटल आवृत्ती काढली. व्हॉल्व्हच्या आवृत्तीचे वजन सुमारे २९ किलो, हिचे सुमारे १५. शिवाय आवाज कमी ठेवूनही स्वर तोच राहतो. मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीपलीकडे शेजारी झोपलेला असताना ८५ वॅटचे यंत्र तापवणे कुणाला शक्य आहे? 'खरा आवाज व्हॉल्व्हचाच' या वाक्याचा व्यवहारी अर्थ बहुधा 'ज्याला मोठे घर आणि मोठा खिसा, तोच खरा वादक' असा होतो.

(१५/१८)
तरीही व्हॉल्व्ह-पक्षाचे एक म्हणणे खोडता येत नाही, आणि ते आवाजाविषयी नाहीच. १९५९ चे यंत्र आजही उघडता येते. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, आराखडा कागदाच्या एका पानावर मावतो, आणि जाणता कारागीर डाग देण्याच्या लोखंडाने ते पुन्हा बोलते करतो. (जाणताच हवा, यंत्र बंद केल्यावरही त्यात ४०० व्होल्टपर्यंतचा जीवघेणा भार राहू शकतो.) डिजिटल यंत्राची चिप कालबाह्य झाली, सॉफ्टवेअरचा आधार सुटला, की उरते ती केवळ पेटी. साठ वर्षांनी आजची डिजिटल यंत्रे चालतील, यावर पैज लावणारा विरळाच.

(१६/१८)
दुसरा आक्षेप डिजिटल यंत्रावर नसून ते वापरणाऱ्यांवर आहे. कोणताही ध्वनी घडवू शकणारे हे यंत्र उघडावे, तर समोर येते जुन्याच नावांची यादी : फेंडर, मार्शल, व्हॉक्स. मार्शलच्या नकलेतून नवे काही उपजले, कारण भाग बदलले आणि वादकांनी यंत्रावर जुलूम केला. १९९७ च्या ऑटो-ट्यूनचेही तेच झाले. सूर गुपचूप सुधारण्याचे ते साधन, १९९८ च्या 'बिलीव्ह'मध्ये शेर यांच्या आवाजावर मुद्दाम अति ताणले गेले आणि एक नवी शैली आली. डिजिटल गिटार-यंत्राला असा ब्लेड मारणारा हात अजून हवा आहे.

(१७/१८)
दरम्यान खरा धोका वेगळाच आहे. ब्रिटनमधील ब्लॅकबर्नचा मलार्ड, अमेरिकेतील आरसीए, जर्मनीचा टेलिफुंकन यांचे व्हॉल्व्हचे उत्पादन केव्हाच थांबले. भारतात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. तेही पर्व संपले. गिटारवादकांचा आधार उरला तो मुख्यतः रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील जेजे आणि चीन यांचा. मार्च २०२२ मध्ये युक्रेन-युद्धाच्या छायेत रशियाने निर्यातबंदी जाहीर केली, तेव्हा सारातोव्हचे व्हॉल्व्ह थांबण्याची वेळ आली आणि बाजारात एकच धावपळ उडाली. पुढे निर्यातीचा मार्ग खुला झाला, पण एका शासकीय आदेशाने एक संपूर्ण ध्वनिपरंपरा टांगणीला लागू शकते हे तेव्हा दिसून आले.

(१८/१८)
म्हणून न्याय असा करावा. वादकाला डिजिटल पुरेसे आहे. त्याने त्याबद्दल ओशाळण्याचे कारण नाही. इतिहासाला मात्र ते पुरेसे नाही. ॲम्प्लिफायरचे डिजिटल प्रतिरूप म्हणजे शिलालेखाचा ठसा : अभ्यासाला उत्तम, सर्वांना वाटता येणारा, परंतु एका यंत्राचा, एका दिवसाचा, एका मायक्रोफोनपुढचा. पुढे कुणाला नवा प्रश्न पडला, तर उत्तर ठशात सापडणार नाही. शिळेकडेच जावे लागेल. तेव्हा जुनी यंत्रे संग्राहकांच्या तिजोऱ्यांत निजवण्याऐवजी चालती ठेवावीत, ती दुरुस्त करणारी विद्या तरुण हातांत द्यावी, आणि ज्याच्यापाशी केवळ एक लॅपटॉप आणि गिटार आहे त्याला निःशंकपणे वाजवू द्यावे. लिओ फेंडर यांना जो आवाज दोष वाटला, तोच पुढे परंपरा झाला. आजच्या कोणत्या दोषाचे उद्या तसे होईल, हे तोच ठरवणार आहे.