शुल्कापलीकडचा खर्च

महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडली. २०२४ साली आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्कही सरकारने माफ केले. पण शैक्षणिक कर्जाच्या अर्जात शुल्क, वसतिगृह, पुस्तके यांचे रकाने असतात. वाढदिवसाच्या वर्गणीचा, हॉटेलातल्या बिलाचा, स्नेहसंमेलनातल्या साडीचा नसतो. मग मुलगी ‘डोके दुखते’ म्हणून खोलीत बसून राहते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबत, एकाच पंगतीत जेवत. गरिबी लपवण्याचे कारणच नसे. आजच्या संस्थांनी निदान वर्गणी ऐच्छिक ठेवावी. आणि कुणी ‘परवडत नाही’ म्हटले, तर मित्रांनी बेत बदलावा, माणूस वगळू नये. भेळ टेकडीवरही खाता येते.