खुल्या वॉर्डातली उमेदवार

आरक्षणाची सोडत निघते, वॉर्ड महिलांसाठी राखीव होतो आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या पुढाऱ्याच्या घरी संध्याकाळीच ठरतं : वहिनींना उभं करा. फ्लेक्सवर वहिनी छोट्या, साहेब मोठे! यावरच्या विनोदी कथा आणि व्यंगचित्रं दिवाळी अंकांनी मनसोक्त छापली, आम्हीही छापली. पाच वर्षांनी तोच वॉर्ड खुला झाल्यावर वहिनींचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

रिखिल भावनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेपुरतं ते पाहिलं. 1997 ला महिलांसाठी राखीव असलेले काही वॉर्ड 2002 ला खुले झाले. तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. निवडणूक जिंकू शकणाऱ्या बायका आरक्षणामुळे राजकारणात आल्या होत्या आणि बाई निवडून येते, हे पक्षांनाही कळलं होतं. म्हणजे कित्येकींची राजकीय आकांक्षा खुर्चीवर बसल्यानंतर जागी झाली असणार. आपण मात्र ती आधीच दाखव म्हणतो, आणि दाखवली की ‘फारच महत्त्वाकांक्षी आहे हो’ म्हणून नाक मुरडतो. गणपतीचा मांडव घालणाऱ्या पोराच्या वाढदिवसाला ‘भावी नगरसेवक’ असा फ्लेक्स लागतो. वर्षानुवर्षं बचत गटाचं कर्ज फेडून दाखवणारीला तसं कुणी म्हणत नाही.

वास्तविक बायका आरक्षणासाठी थांबल्या नव्हत्या : पंचायतींत महिलांना जागा राखून देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीच्या आधीच शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने ग्रामपंचायतींत बायकांची पॅनेलं उतरवली होती. गोव्यात शशिकला काकोडकर 1973 ला मुख्यमंत्री झाल्या. आधीचे मुख्यमंत्री बांदोडकर यांची कन्या म्हणून, असं कुणी म्हणेल. पण आमदार त्या 1967 पासून होत्या, आणि वडिलांची गादी चालवणाऱ्या मुलग्यांना असं कोण म्हणतं? महाराष्ट्राला अजून महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. 2024 च्या विधानसभेत 288 पैकी 21 स्त्रिया निवडून आल्या.

विधानसभेत आणि लोकसभेत एक तृतीयांश जागा राखणारी घटनादुरुस्ती 2023 ला झाली, अंमल मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. तोवर खुल्या जागेवर बाईला तिकीट द्यायला कोणताही कायदा आडवा येत नाही. पक्ष ते आपणहून देतील, असं आम्हाला वाटत नाही. तेव्हा वाचकहो, तुमच्या वॉर्डात काम करणारी अशी कुणी असेल, तर सोडतीची वाट न पाहता तिला आजच विचारा : ताई, उभ्या राहता का?